टीमच्या सेटिंग्ज आपल्या एडिटरमध्ये आणताना

गोव्यात पाटोवरच्या किंवा पर्वरीतल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नव्याने रुजू झालेल्याला पहिल्याच सकाळी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रेपो क्लोन कर, सेटिंग्ज त्यातच आहेत." रेपो म्हणजे टीमचा सगळा कोड जिथे असतो तो साठा, आणि क्लोन म्हणजे त्याची इतिहासासकट आपल्या लॅपटॉपवर घेतलेली नक्कल. एवढं सांगून सांगणारा आपल्या कामाला लागतो. फर्मागुडीहून किंवा वेर्ण्याहून पदवी घेऊन आलेल्याला जावा येत असतं, पायथन येत असतं. पण सेटिंग्ज त्यात म्हणजे नेमक्या कुठे, त्या आपल्या एडिटरने घेतल्या की नाही हे कसं कळणार, आणि घेतल्या नसतील तर कोणाला काय विचारायचं, हे कुठल्याच सेमिस्टरच्या अभ्यासक्रमात नसतं.

इथे तीन एडिटर धरले आहेत: व्हीएस कोड, इंटेलिजे आणि एक्लिप्स. अँड्रॉइड स्टुडिओ इंटेलिजेच्याच पायावर उभा आहे, त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांनी इंटेलिजेचा भाग वाचावा. फाइलींची, मेनूंची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील आणि टाइपही तशीच करायची.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. नाव 'बसवेळ'. डिचोली, साखळी, म्हापसा, पेडणे, काणकोण अशा स्टँडांवरून सुटणाऱ्या बसगाड्यांच्या वेळा मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत दाखवणारं छोटं अ‍ॅप. चारपाच जण त्यावर काम करतात, प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा.

आधी वाटणी समजून घ्या

गावच्या उत्सवी नाटकात संहिता सगळ्यांची एकच असते, पण आपल्या वहीत कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा याच्या खुणा ज्याच्या त्याच्या असतात. सेटिंग्जचंही तसंच आहे. काही प्रकल्पाच्या असतात: इंडेंट चार स्पेसचं की दोनचं, कोड कोणत्या फॉर्मॅटरने नीट करायचा, टेस्ट कशा चालवायच्या. त्या रेपोत असतात आणि सगळ्यांना सारख्या लागतात. काही तुमच्या असतात: काळी थीम, मोठा फॉन्ट, आवडते शॉर्टकट. आणि तिसरा एक प्रकार आहे, ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त वेळ जातो: त्या एका मशीनच्या गोष्टी. जेडीके (जावाची विकास-साधनं) कुठल्या ड्राइव्हवर आहे, अँड्रॉइड एसडीके (अँड्रॉइडची तशीच साधनं) कुठे आहे, डेटाबेसचा पासवर्ड काय. हा तिसरा प्रकार दुसऱ्याकडून घ्यायचाच नसतो.

कोणीतरी "ही घे माझी सेटिंग्जची फाइल" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर झिप पाठवतं, तेव्हा बहुतेक वेळा हे तिन्ही प्रकार त्यात एकत्र कालवलेले असतात. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: यातलं प्रकल्पाचं किती आणि पाठवणाऱ्याचं किती?

पहिली पायरी: क्लोन करा, झिप नको

रेपोच्या पानावर झिप डाउनलोड करायची सोय असते, आणि नवखे हात आधी तिकडेच जातात. झिपमध्ये फाइली येतात, पण कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटचा इतिहास येत नाही. म्हणजे एडिटरने उघडल्या उघडल्या काय बदललं हे तपासायला काही उरत नाही, आणि पुढे ते तपासणंच सगळ्यात कामाचं ठरणार आहे. शिवाय विंडोजमध्ये झिप सोडवली की 'बसवेळ-मेन' फोल्डरच्या आत पुन्हा 'बसवेळ-मेन' असं होतं, आणि मग चुकीचा फोल्डर उघडला जातो.

तेव्हा 'गिट क्लोन' वापरा. फोल्डर साध्या जागी ठेवा: नावात स्पेस नको, डेस्कटॉप नको, आणि वनड्राइव्हसारखी क्लाउडशी आपोआप जुळणारी जागा तर नकोच. बिल्ड करताना हजारो छोट्या फाइली तयार होतात आणि पुसल्या जातात. तेवढ्यात क्लाउडवाला त्या उचलायला गेला की फाइल अडकते आणि भलताच एरर येतो.

पावसाळ्यात रुजू होणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. क्लोन हलकं असतं, पण त्यानंतर ग्रेडल, मेव्हन किंवा एनपीएम (प्रकल्पाला लागणारी पॅकेजं आणणारी आणि बिल्ड करणारी साधनं) जे काही खाली उतरवतात ते पहिल्या खेपेला भरपूर असतं. आषाढात गावी वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे हे पहिलं उतरवणं ऑफिसच्या नाहीतर कॉलेजच्या नेटवर उरकून घ्या. एकदा उतरलेलं तुमच्या लॅपटॉपवर साठून राहतं, घरी नेट गेलं तरी बिल्ड सहसा चालतं.

दुसरी पायरी: उघडण्याआधी वाचा

एडिटर अजून उघडू नका. फोल्डरमध्ये नजर टाका. बिंदूने सुरू होणारी नावं शोधा, कारण सामायिक सेटिंग्ज तिथेच राहतात. विंडोजवर ती सहसा दिसतात. लिनक्सवर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच आणि मॅकवर कमांड-शिफ्ट-बिंदू दाबावं लागतं.

'डॉट व्हीएसकोड' फोल्डर असेल तर प्रकल्प व्हीएस कोडवाल्यांनी मांडला आहे. 'डॉट आयडिया' म्हणजे इंटेलिजे. 'डॉट प्रोजेक्ट', 'डॉट क्लासपाथ' आणि 'डॉट सेटिंग्ज' हे त्रिकूट म्हणजे एक्लिप्स. 'डॉट एडिटरकॉन्फिग' ही एकच छोटी फाइल असेल तर कोणीतरी विचार करून काम केलेलं आहे: इंडेंट, अक्षरसंच (एन्कोडिंग), ओळीचा शेवट असे मूळ नियम ती एडिटरनिरपेक्ष पद्धतीने सांगते. इंटेलिजेला ती आपोआप समजते, व्हीएस कोडला तिच्यासाठी एक्स्टेन्शन लागतं.

यातलं काहीच नसेल आणि नुसती 'पॉम डॉट एक्सएमएल' किंवा 'बिल्ड डॉट ग्रेडल' असेल, तरी घाबरू नका. जावाच्या प्रकल्पात मला तर हेच आवडतं. बिल्डच्या फाइलीवरून प्रत्येक एडिटर आपल्याला हवं ते स्वतः तयार करून घेतो.

'रीडमी' वाचा. मग व्हीएस कोडचा प्रकल्प असेल तर 'सेटिंग्ज डॉट जेसन', 'टास्क्स डॉट जेसन' आणि 'लाँच डॉट जेसन' या तीन फाइली साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा. सगळं समजायला हवं असं नाही. तुम्ही दोनच गोष्टी शोधताय. एक, कोणाच्या तरी मशीनचा पत्ता: 'सी ड्राइव्ह, यूजर्स, अमुकतमुक' असं दिसलं की ती ओळ तुमच्याकडे चालणार नाही हे आत्ताच कळलं. टास्क आणि लाँचच्या फाइलींत अशा ठिकाणी 'वर्कस्पेस-फोल्डर' हे चल वापरायचं असतं. दुसरी, आपोआप चालणाऱ्या कमांड. टास्कला 'फोल्डर उघडताच चालव' अशी सूचना देता येते. ओळखीच्या टीमच्या रेपोत ती सोयीची असते, अनोळखी रेपोत तोच धोका.

व्हीएस कोड: योग्य फोल्डर, मग विश्वास

'फाइल' मेनूतून 'ओपन फोल्डर' घ्या आणि ज्याच्या थेट पोटात 'डॉट व्हीएसकोड' आहे तोच फोल्डर निवडा. त्याच्या वरचा नको, आतलाही नको. "सेटिंग्ज लागूच होत नाहीत" या तक्रारीमागे सगळ्यात आधी मी हेच तपासतो. एकच फाइल डबल-क्लिक करून उघडली तरी प्रकल्पाच्या सेटिंग्ज लागत नाहीत, कारण एडिटरला प्रकल्प दिसतच नाही, फक्त फाइल दिसते. रेपोत 'कोड-वर्कस्पेस' शेपटीची फाइल असेल तर मात्र 'ओपन वर्कस्पेस फ्रॉम फाइल' वापरा; त्या प्रकल्पात दोन-तीन फोल्डर एकत्र उघडायचे असतात, उदाहरणार्थ 'बसवेळ'चं सर्व्हर एका जागी आणि अ‍ॅप दुसऱ्या.

उघडताच प्रश्न येईल: या फोल्डरमधल्या फाइली लिहिणाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का? 2021 पासून व्हीएस कोड हे विचारतो. नाही म्हटलं तर कोड वाचता येतो, पण टास्क, डीबगिंग आणि बरीच एक्स्टेन्शनं बंद राहतात. फाइली आधी वाचल्या असतील तर 'हो' म्हणायला हरकत नाही. त्याच खिडकीत 'वरच्या फोल्डरमधल्या सगळ्यांवर विश्वास ठेवा' अशी चौकट असते; ती टिचकवू नका. तुमचा वरचा फोल्डर 'डाउनलोड्स' असेल तर उद्या तिथे पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही आजच दार उघडून दिलं.

मग उजव्या कोपऱ्यात सूचना येते की या प्रकल्पाने काही एक्स्टेन्शनं सुचवली आहेत. ती यादी 'एक्स्टेन्शन्स डॉट जेसन'मधून येते. सूचना घाईत बंद केली असेल तर एक्स्टेन्शनच्या खिडकीत 'अ‍ॅट रेकमेंडेड' टाइप करा, यादी परत मिळेल. सगळी एकदम बसवण्याचं बटण असतं, पण आधी प्रत्येकाचा प्रकाशक कोण ते बघा. नावात साधर्म्य असलेली नक्कल बाजारात असतेच.

आता लागू झालं का ते बघायचं. खालच्या पट्टीत उजवीकडे इंडेंट किती, अक्षरसंच कोणता, ओळीचा शेवट कोणता हे दिसतं. 'डॉट एडिटरकॉन्फिग'मध्ये दोन स्पेस लिहिल्या असतील आणि पट्टीवर चार दिसत असतील, तर एडिटरकॉन्फिगचं एक्स्टेन्शन बसलेलं नाही. दुसरी खूण: 'सेटिंग्ज डॉट जेसन' व्हीएस कोडमध्येच उघडा. एखादी ओळ फिकट दिसली तर तिच्यावर माउस ठेवा. ती सेटिंग अनोळखी आहे असं म्हणत असेल, तर तिचं एक्स्टेन्शन नाही. ही फक्त वापरकर्त्याच्या पातळीवर लागते असं म्हणत असेल, तर ती ओळ रेपोत असण्यात अर्थच नाही, टीमला सांगा.

प्राधान्याचा क्रम लक्षात ठेवला की पुष्कळ कोडी सुटतात. मूळ सेटिंग्जवर तुमच्या वैयक्तिक सेटिंग्ज बसतात, त्यांच्यावर वर्कस्पेसच्या आणि सगळ्यात वर फोल्डरच्या. म्हणजे भांडण झालं तर प्रकल्प जिंकतो. तुम्ही वैयक्तिक सेटिंग्जमध्ये कितीही वेळा 'सेव्ह करताना फॉर्मॅट करू नको' म्हटलं तरी प्रकल्पाने 'कर' म्हटलं असेल तर ते होणारच. आणि हे बरोबरच आहे. फक्त याच कारणामुळे प्रकल्पाच्या फाइलीत थीम किंवा फॉन्टचा आकार घालणाऱ्या सहकाऱ्याशी एकदा चहा घेत बोलावं लागतं.

पायथनवाल्यांसाठी एवढंच: व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आयात होत नाही. त्यात मशीनचे पत्ते कोरलेले असतात. ते आपल्याकडे नव्याने तयार करा, 'रिक्वायरमेंट्स' फाइलीतून पॅकेजं बसवा आणि कमांडच्या यादीतून 'पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर' घेऊन तेच निवडा. नोडवाल्यांनी लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) रेपोत असेल तर 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवावं. ते लॉकफाइलला हात लावत नाही.

इंटेलिजे आणि अँड्रॉइड स्टुडिओ

इथे 'फाइल'मधून 'ओपन' घेऊन प्रकल्पाचा मूळ फोल्डर किंवा थेट 'बिल्ड डॉट ग्रेडल' अथवा 'पॉम डॉट एक्सएमएल' निवडा आणि 'प्रोजेक्ट म्हणून उघड' म्हणा. विश्वासाचा प्रश्न इथेही येतो, आणि इथे तो जास्त गांभीर्याने घ्यायला हवा: ग्रेडलची बिल्ड फाइल ही स्वतःच एक प्रोग्राम असते. प्रकल्प सिंक झाला, म्हणजे एडिटरने बिल्ड फाइलीवरून आपली मांडणी करून घेतली, की ती चालली. खात्री नसेल तर 'सेफ मोड'मध्ये उघडून आधी वाचा.

सिंक सुरू झालं की थांबा. खाली पट्टी सरकत असते, अर्धा कोड लाल दिसतो, आणि नवखा माणूस घाबरून हे बदल, ते बदल सुरू करतो. पट्टी थांबेपर्यंत लाल रंगाला अर्थ नसतो. मग चहाला जाऊन या.

सिंक झाल्यावरही लाल राहिलं तर कारण बहुधा जेडीके असतं. दोन ठिकाणं बघायची, आणि ती दोन आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. एक, 'प्रोजेक्ट स्ट्रक्चर'मधला प्रकल्पाचा एसडीके. दुसरं, सेटिंग्जमध्ये 'बिल्ड टूल्स'खाली ग्रेडलच्या पानावरचं 'ग्रेडल जेव्हीएम'. एकात 17 आणि दुसऱ्यात 8 असेल तर कोड समजतो पण बिल्ड होत नाही, किंवा उलट. ग्रेडल स्वतः वेगळं बसवू नका. रेपोतला ग्रेडल रॅपर प्रकल्पाला हवी तीच आवृत्ती उतरवून घेतो.

अँड्रॉइडच्या प्रकल्पात 'लोकल डॉट प्रॉपर्टीज' नावाची फाइल असते. तिच्यात तुमच्या मशीनवरच्या एसडीकेचा पत्ता असतो आणि स्टुडिओ ती स्वतः तयार करतो. मित्राची फाइल कॉपी करून घेतली तर एसडीके सापडत नाही असा एरर येणार. ती रेपोतच दिसली तर ती तिथे चुकून आली आहे.

'डॉट आयडिया' फोल्डरमधलं सगळंच सामायिक नसतं. कोडची शैली, तपासणीचे नियम आणि रन कॉन्फिगरेशन (प्रोग्राम कसा चालवायचा याची नोंद) टीमची. 'वर्कस्पेस डॉट एक्सएमएल' तुमची: कुठली खिडकी कुठे उघडी होती वगैरे. ती गिटमध्ये दिसली तर दर दिवशी सगळ्यांचे मर्ज (एकमेकांचे बदल एकत्र करणं) आपटतात. कोडची शैली लागली का हे बघायला सेटिंग्जमध्ये 'एडिटर'खाली 'कोड स्टाइल' उघडा आणि वरच्या यादीत 'प्रोजेक्ट' निवडलेलं आहे ना ते पाहा. शैलीची वेगळी एक्सएमएल फाइल कोणी दिली असेल तर तिथल्याच चक्राच्या चिन्हातून 'इम्पोर्ट स्कीम' करा. एक्लिप्सची फॉर्मॅटर फाइलही इंटेलिजे तिथून वाचतो, पण दोघांचे सगळे पर्याय जुळत नाहीत, तेव्हा निकाल डोळ्यांनी तपासावा.

रन कॉन्फिगरेशन स्वतः तयार केलं आणि ते टीमला द्यायचं असेल तर त्याच्या खिडकीत 'प्रोजेक्ट फाइल म्हणून साठव' ही चौकट टिचकवायची. न टिचकवता "मी केलंय, तुला दिसत नाही का" असं विचारणारे खूप भेटतील.

एक्लिप्स

एक्लिप्स 2001 सालापासून आहे, आणि त्याची वर्कस्पेसची कल्पना बाकी दोघांपेक्षा वेगळी. वर्कस्पेस म्हणजे तुमचा खाजगी फोल्डर, ज्याच्या पोटात 'डॉट मेटाडेटा' असतं. सगळ्या वैयक्तिक पसंती तिथे. प्रकल्प वेगळे, वर्कस्पेस वेगळी. कॉलेजच्या लॅबमधून मित्राची आख्खी वर्कस्पेस पेनड्राइव्हवर उचलून आणण्याची पद्धत आहे, ती सोडा. 'डॉट मेटाडेटा' प्रवासाला निघण्यासाठी बनलेलंच नाही.

आयात अशी: 'फाइल', 'इम्पोर्ट', 'जनरल', 'एग्झिस्टिंग प्रोजेक्ट्स इंटू वर्कस्पेस'. मूळ फोल्डर निवडा. 'डॉट प्रोजेक्ट' फाइल सापडली की प्रकल्पाचं नाव यादीत येतं. ती फाइलच नसेल तर यादी रिकामी राहते. तेव्हा मेव्हनचा प्रकल्प असल्यास 'मेव्हन'खालचं 'एग्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स' वापरा. नाव दिसतं पण निवडता येत नाही, असं असेल तर त्याच नावाचा प्रकल्प वर्कस्पेसमध्ये आधीच आहे. आणि 'कॉपी प्रोजेक्ट्स इंटू वर्कस्पेस' ही चौकट गिटमधून आणलेल्या प्रकल्पाला टिचकवू नका. टिचकवली तर तुम्ही नकलेत काम करत राहता, क्लोनमध्ये काहीच बदलत नाही, आणि संध्याकाळी गिट म्हणतं की कमिट करायला, म्हणजे इतिहासात नोंदवायला, काही नाही.

काही जुन्या टीम 'पीएसएफ' शेपटीची फाइल देतात. ती 'इम्पोर्ट'मधल्या 'टीम' भागातून 'टीम प्रोजेक्ट सेट' म्हणून आणायची. तिच्यात कोड नसतो, कोणकोणते रेपो आणायचे त्याची यादी असते. त्यामुळे त्या रेपोंचा प्रवेश तुमच्याकडे आधी हवा. 'ईपीएफ' शेपटीची फाइल ही वेगळीच गोष्ट आहे. ती पसंतींची फाइल, आख्ख्या वर्कस्पेसला लागते, आणि तिच्यात पाठवणाऱ्याच्या मशीनचे पत्ते असू शकतात. ती आणायचीच असेल तर नव्या, रिकाम्या वर्कस्पेसमध्ये आणा.

आयातीनंतर प्रकल्पावर लाल उद्गारचिन्ह दिसलं आणि लायब्ररीपुढे 'अनबाउंड' लिहिलेलं असलं, तर प्रकल्पाला हवं ते जावा एक्लिप्सला सापडलेलं नाही. पसंतींमध्ये 'इन्स्टॉल्ड जेआरईज'मध्ये ते जोडा. प्रकल्पाची 'डॉट क्लासपाथ' बदलून ते सोडवू नका. तुमचं उद्गारचिन्ह जाईल आणि बाकीच्यांचं येईल.

देवनागरी मोडते तेव्हा

मराठी आणि कोंकणी अक्षरं कोडमध्ये असणाऱ्यांना हा भाग इतरांपेक्षा जास्त लागेल. 'बसवेळ'मध्ये स्टँडांच्या नावांची फाइल आहे. ती तुमच्याकडे उघडली आणि 'डिचोली'च्या जागी विचित्र युरोपीय अक्षरांची रांग दिसली, तर फाइल बिघडलेली नसते. फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे आणि एडिटर ती दुसऱ्याच अक्षरसंचात वाचतोय. अशा वेळी काहीही टाइप करून सेव्ह करू नका. सेव्ह केलं तर मात्र ती खरोखर बिघडू शकते.

व्हीएस कोड मुळातच यूटीएफ-8 धरून चालतो. एक्लिप्सने 2022-06 आवृत्तीपासून नव्या वर्कस्पेसला यूटीएफ-8 दिलं, त्याआधी विंडोजवर तो मशीनचा अक्षरसंच घ्यायचा. जुन्या आवृत्तीत तयार केलेली वर्कस्पेस वापरत असाल तर 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन प्रकल्पाचा अक्षरसंच यूटीएफ-8 करा; ती नोंद 'डॉट सेटिंग्ज'मध्ये जाते, कमिट केली की सगळ्यांना मिळते. पण एडिटरमध्ये नीट दिसलं म्हणजे संपलं असं नाही. जावा 18 पूर्वी, म्हणजे 2022 च्या आधीच्या सगळ्या आवृत्त्यांत, विंडोजवर कंपायलरही मशीनचाच अक्षरसंच धरायचा. म्हणून मेव्हनमध्ये सोर्स एन्कोडिंग आणि ग्रेडलमध्ये कंपायलरचं एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहिलेलं हवं. भाषांतराच्या प्रॉपर्टीज फाइली रिसोर्स बंडलमधून वाचल्या जात असतील तर जावा 9 पासून त्या यूटीएफ-8 चालतात; प्रकल्प अजून 8 वर असेल तर तिथे देवनागरी थेट लिहून भागणार नाही.

आयात नीट झाली की नाही याची माझी कसोटी साधी आहे: प्रोग्राम चालवा आणि 'पेडणे', 'साखळी', 'काणकोण' पडद्यावर वाचा.

गिट स्टेटस

सगळं उघडलं, बिल्ड झालं, अजून तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. आता टर्मिनलमध्ये 'गिट स्टेटस' चालवा. उत्तर स्वच्छ यायला हवं. आलं तर आयात उत्तम झाली.

नाही आलं तर 'गिट डिफ' बघा, आणि काय बदललं त्यावरून कारण कळतं. एखाद्या फाइलीची प्रत्येक ओळ बदललेली दिसते पण फरक डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ते ओळींच्या शेवटाचं प्रकरण आहे: विंडोज ओळ दोन चिन्हांनी संपवतं, लिनक्स एकाने. यावरचं टिकाऊ औषध रेपोत 'डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल ठेवणं हे आहे, कारण ती प्रत्येकाच्या वैयक्तिक गिट सेटिंगवर मात करते. इंडेंट बदललेलं दिसलं तर चुकीच्या फॉर्मॅटरने सेव्ह करताना हात मारलाय. 'डॉट क्लासपाथ' किंवा 'डॉट आयडिया'तली फाइल बदलली असेल तर एडिटरने तुमच्या मशीनप्रमाणे काहीतरी लिहून ठेवलंय. 'गिट रिस्टोर'ने ते मागे घ्या आणि पुन्हा येतं का ते बघा. तुमची एखादी खाजगी फाइल सारखी यादीत डोकावत असेल तर टीमची 'डॉट गिटइग्नोर' न छेडता 'डॉट गिट' फोल्डरमधल्या 'इन्फो'खालच्या 'एक्सक्लूड' फाइलीत तिचं नाव टाका.

नवीन माणसाच्या पहिल्या कमिटमध्ये एका दुरुस्तीसोबत चाळीस फाइलींचं फॉर्मॅटिंग आलं, की तपासणाऱ्याला दुरुस्ती सापडतच नाही. हे टाळण्यासाठी 'गिट अ‍ॅड'ला 'डॅश पी' जोडून तुकड्यातुकड्याने निवडायची सवय लावा.

पासवर्ड रेपोत शोधू नका. तिथे 'डॉट ईएनव्ही डॉट एग्झाम्पल' असा नमुना असेल; त्याची 'डॉट ईएनव्ही' नावाने नक्कल करा आणि खऱ्या किमती वरिष्ठांकडून वेगळ्या मागून घ्या. खरी 'डॉट ईएनव्ही' रेपोत सापडलीच तर गुपचूप पुसून टाकू नका, कारण इतिहासात ती राहतेच. सांगा, पासवर्ड बदलावे लागतील.

आख्खं प्रोफाइल मिळालं तर

कधी टीम प्रकल्पापुरतं न थांबता एडिटरचं पूर्ण रूपच देते. व्हीएस कोडमध्ये 2023 पासून याला प्रोफाइल म्हणतात: सेटिंग्ज, शॉर्टकट, स्निपेट, एक्स्टेन्शनं सगळं एका गाठोड्यात. डावीकडच्या चक्रातून 'प्रोफाइल्स' उघडा आणि 'इम्पोर्ट प्रोफाइल' घ्या. दुवा चिकटवा किंवा 'कोड-प्रोफाइल' शेपटीची फाइल निवडा. आत काय आहे ते तयार करण्याआधी दाखवलं जातं. याचं स्वतःचं वेगळं नाव राहतं, तुमचं जुनं प्रोफाइल तसंच राहतं, त्यामुळे बिनधास्त करून बघता येतं.

इंटेलिजेचं 'इम्पोर्ट सेटिंग्ज' तसं नाही. ते 'मॅनेज आयडीई सेटिंग्ज'खाली असतं, झिप फाइल घेतं आणि तुमच्या सध्याच्या सेटिंग्जवर लिहितं. आधी तिथूनच 'एक्स्पोर्ट' करून आपल्या सेटिंग्ज बाजूला काढा. आयात करताना यादी येते. तिच्यातून कोडची शैली आणि टेम्प्लेटं ठेवा, शॉर्टकट आणि रंगसंगतीच्या खुणा काढा. दुसऱ्याच्या शॉर्टकटची सवय व्हायला आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात काम होत नाही.

डॉकर (सगळी साधनं कंटेनर नावाच्या एका बंद डब्यात घालून चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या टीमच्या रेपोत 'डॉट डेव्हकंटेनर' फोल्डर दिसेल. मग व्हीएस कोड 'कंटेनरमध्ये पुन्हा उघडू का' असं विचारतो आणि जेडीके, पायथन, एक्स्टेन्शनं सगळं आतच मिळतं. मशीनच्या पत्त्यांची भानगड यात मुळातून सुटते. पण 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डॉकर, एडिटर आणि ब्राउझर एकदम चालवून बघा, पंख्याचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जाईल. रॅम त्याहून जास्त असेल तरच हे करा.

बदल परत देताना

काम करता करता सामायिक फाइलीत काहीतरी चुकलेलं सापडेलच: एखादा जुना पत्ता, मेलेलं एक्स्टेन्शन, चुकीची जावा आवृत्ती. ते दुरुस्त करा, पण वेगळ्या ब्रँचवर आणि वेगळ्या कमिटमध्ये. कोडच्या बदलात मिसळू नका. कमिटच्या संदेशात कोणत्या एडिटरच्या कोणत्या आवृत्तीवर काय अडलं ते लिहा. आणि विलीन करण्याआधी दुसऱ्या प्रकारचं मशीन असलेल्या सहकाऱ्याला, म्हणजे तुमचं विंडोज असेल तर लिनक्सवाल्याला, ती ब्रँच नव्या फोल्डरमध्ये क्लोन करून उघडायला सांगा. त्याच्याकडेही 'गिट स्टेटस' स्वच्छ आलं की विलीन करा, आणि त्याच दिवशी 'रीडमी'तली ती ओळही बदला.